लाल दोऱ्याची खुर्ची

रविवार, २ फेब्रुवारी २०१४. सकाळी गारठा, धुकं नऊपर्यंत. चर्चमध्ये आठच्या मिस्साला गेलो. बाळ येशूची मूर्ती माझ्या दिराच्या, एवोदियोच्या, नातीने, हेर्लिंदाने, कडेवर घेतली, खुर्ची माझ्याकडे. या वर्षीचा अंगरखा पांढरा, कडेला सोनेरी फीत. टोपी मोठी झाली, पुढच्या वर्षी एक टाका आत घेणे. पाद्रींनी पवित्र पाणी पुढच्या रांगांवर भरपूर शिंपडलं, आमच्यापर्यंत चार थेंब आले. खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाची तार सैल झाली आहे. बाकावर शेजारी बसलेल्या एका तरुण बाईने विचारलं, "खुर्चीला खालून लाल दोरा कशाला बांधलाय?" मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे. ती म्हणाली, मिस्साही मोठाच आहे. तेवढ्यात पाद्रींनी आमच्याकडे पाहिलं, म्हणून दोघी गप्प झालो.

तिला सांगायचं राहिलं ते इथे लिहिते. गोष्ट वुल्फ्रानोची आहे. वुल्फ्रानो तेनोरिओ, माझा नवरा. त्याला जाऊन येत्या मार्चात नऊ वर्षं होतील.

पुएब्लाच्या मठातल्या शाळेत सिस्टर बेनिग्ना आम्हाला रोज संध्याकाळी पाच ओळी लिहायला लावत. काय घडलं ते लिहायचं. काय वाटलं ते लिहायचं नाही, ते देवाला ठाऊक असतं, असं त्या म्हणत. ती सवय मला लागली आणि पुढे त्याच सवयीवर मला नोकरी मिळाली. राजधानीतल्या एका टीव्ही स्टुडिओत मी वही धरून बसायची. आधीच्या दृश्यात पेला उजव्या हातात होता की डाव्या, मेणबत्ती किती जळली होती, कोणाच्या कॉलरचं बटण उघडं होतं, हे सगळं टिपून ठेवायचं, म्हणजे पुढचं दृश्य जुळतं.

वुल्फ्रानो तिथेच मागच्या शेडमध्ये काम करायचा. लागेल ती वस्तू बनवून देणं हे त्याचं काम. अंगाने काटकुळा, कान मोठे, बोटांना कायम सरसाचा वास. त्याचे वडील सोचिमिल्कोत संतांच्या मूर्ती दुरुस्त करायचे. कोणाचं नाक, कोणाची बोटं, कोणाचे काचेचे डोळे. वुल्फ्रानो त्यांच्याच हाताखाली शिकला. स्टुडिओत आल्यावर त्याच हातांनी तो रबराच्या तलवारी आणि परग्रहावरची शिरस्त्राणं बनवू लागला. त्यातलं एक शिरस्त्राण म्हणजे मक्याच्या पिठाचे तामाल उकडायचा मोठा डबा होता. मी तो ओळखला आणि वहीत "डबा, कडी डावीकडे" असं लिहिलं. ते वाचून तो मला पहिल्यांदा हसून म्हणाला, "सेन्योरिता आम्पारो, तुमच्यापुढे कोणाचं काही लपायचं नाही."

त्याच्या घरचं भांडण तेव्हा मला माहीत नव्हतं, आख्ख्या वस्तीला माहीत होतं.

आमच्याकडे घरोघरी बाळ येशूची मूर्ती असते. पहिली तीन वर्षं बाळाला आडवं ठेवतात. तीन कांदेलारिया झाल्या, म्हणजे फेब्रुवारीच्या दोन तारखेचे तीन मिस्सा झाले, की त्याला खुर्चीत बसवतात. एकदा बसवला की पुन्हा आडवा करायचा नाही. तेनोरिओंच्या घरातलं बाळ आईच्या माहेरून आलेलं, खुर्ची वडिलांनी केलेली. दीड वीत उंच, निळ्या रंगाची. एकदा होडीतून मिस्साला जाताना ती पडली आणि मागचा डावा पाय मोडला. वडिलांनी तो तांब्याच्या तारेने बांधला. निळा रंग आईने स्वतः दिलेला.

आई १९५८ च्या नोव्हेंबरात गेली. नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपली, लोक अजून कॉफी पीत होते, आणि दोघा भावांत बाळावरून जुंपली. एवोदियो थोरला, तो म्हणाला, बाळ थोरल्याकडे जातं. वुल्फ्रानो म्हणाला, शेवटची चार वर्षं आईचं सगळं मी केलं, बाळाचे कपडे मी शिवले, तू फक्त फुलं आणून टाकायचास. एवोदियोने बाळ उचललं आणि दाराबाहेर पडला. वुल्फ्रानोने धावत जाऊन खुर्ची धरली. अशी वाटणी झाली. त्यानंतर दोघांनी अबोला धरला.

एवोदियोची फुलांची शेती दोन कालवे पलीकडे. त्याने बाळासाठी दुसरी खुर्ची घेतली नाही. बाळाला आडवं करता येईना, म्हणून फुलांचं खोकं पालथं घालून, त्यावर जाळीचं कापड टाकून, भिंतीला टेकवून बसवलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "खुर्ची आहे त्याची. भावाकडे आहे. भाऊ आणून देईल तेव्हा बसेल." आणि वुल्फ्रानो दर कांदेलारियाला रिकामी खुर्ची घेऊन मिस्साला जायचा. लोक टोमणे मारायचे. "काय वुल्फ्रानो, बाळ फिरायला गेलंय वाटतं?" तो म्हणायचा, "येईल." खुर्चीवर पाण्याचे थेंब पडले की पुसून, फडक्यात गुंडाळून घरी न्यायचा. अशी अकरा वर्षं गेली.

आता १९७० चा जानेवारी. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला 'नववा चंद्र' नावाची मालिका लागायची. एका चंद्रावर वेगवेगळ्या टोळ्या, त्यांची भांडणं, मधून मधून यंत्रमानव. त्या भागात दोन वैरी टोळ्या एका पवित्र वस्तूच्या शोधात एकाच गुहेत उतरतात, अशी कथा होती. वस्तू कोणती ते लिहिणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. दिग्दर्शक लार्रेआ शेडमध्ये आला.

"वुल्फ्रानो, मला तलवार नको. मागच्या महिन्यात तीन तलवारी झाल्या. पेला नको, पेला दिसला की लोकांना तहान लागते. अशी वस्तू पाहिजे की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हो, हिच्यासाठी माणसं मरतील."

"कधीपर्यंत?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

"मध्ये शनिवार आहे की."

शनिवारी वुल्फ्रानोने तीन वस्तू केल्या. आत दिवा असलेला काचेचा गोळा. लार्रेआ म्हणाला, न्हाव्याचं दुकान उघडायचंय का. सोनेरी दंड, म्हणाला, पडदे कुठायत. मुकुट, तो पाहून नुसता सुस्कारा टाकला. सोमवारी सकाळी वुल्फ्रानो पोतं घेऊन आला आणि त्यातून खुर्ची काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"खुर्ची."

"ते दिसतंय मला. कोणाची?"

"ज्याची आहे तो इथे नाही."

लार्रेआ तिच्याभोवती फिरला. सिगारेट विझवली. खाली वाकून रिकाम्या बैठकीकडे पाहत राहिला.

"आणि टोळ्यांचं काय?"

"एका टोळीकडे राजा आहे, दुसरीकडे खुर्ची. बोलत नाहीत एकमेकांशी."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आपण तीनशे करू," लार्रेआ म्हणाला.

दुपारी मी त्याला विचारलं, घरातली पवित्र वस्तू इथे कशी काय आणलीत. तो म्हणाला, "घरी ती नुसती पडून असते. लोक हसतात. इथे निदान दोन जण तिच्यासाठी भांडतील तरी."

खुर्ची चंदेरी हवी होती. वुल्फ्रानोने रंग लावू दिला नाही. सिगारेटच्या पाकिटातला आणि चॉकलेटवरचा चंदेरी कागद त्याने सगळ्या स्टुडिओकडून गोळा केला आणि गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवला. "खाली आईचा निळा आहे," तो म्हणाला, "त्याला धक्का लागता कामा नये. काम झालं की ओल्या कापडाने सगळं निघेल." मग त्याला कळलं की शेवटी खुर्ची कोणालाच मिळत नाही, ज्वालामुखीत पडते. त्याने एवढंच म्हटलं, "मग दुसरी करतो." चार संध्याकाळी बसून त्याने दुसरी केली, माप वितीने घेऊन, पहिलीच्या शेजारी ठेवून. शेवटच्या दिवशी मी पाहिलं तर त्याने नवाकोरा पाय गुडघ्यावर धरून मोडला.

"आत्ताच तर केलात ना हो तो?"

"मूळचा मोडका आहे."

"कागदाखाली कोणाला दिसणार?"

"मला दिसेल ना," म्हणाला, आणि तारेने बांधायला बसला. तार उलटी पिळत होता. ते मी पाहिलं, पण वहीत लिहिलं नाही.

बुधवारी, चौदा जानेवारीला, आगीचं दृश्य. ज्वालामुखी म्हणजे लाकडी मचाण, वर पुठ्ठ्याचे खडक, मध्ये भोक, आणि भोकाखाली पत्र्याच्या टबात रॉकेलची आग. टबाजवळ वुल्फ्रानो. खालून धूर सोडायचा, ज्वाळा कमीजास्त करायच्या. आत उतरायच्या आधी तो माझ्याकडे आला. दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी, दोन्ही चंदेरी.

"सेन्योरिता, आमच्या घरची तेवढी तुमच्याजवळ ठेवा. कोणाला हात लावू देऊ नका. गल्लत नको म्हणून एकीला खालून लाल दोरा बांधलाय."

"ठेवते," मी म्हटलं.

आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या मनगटाला लाल दोरा बांधतात. दुभत्या गाईला बांधतात, नव्या रोपाला बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. जे जपायचं असतं त्याला. मी खुर्च्या उलटून पाहिल्या, दोरा असलेली उचलून माझ्या स्टुलाखाली ठेवली आणि दुसरी दिली. वहीत लिहिलं: "लाल दोरा असलेली माझ्याजवळ. दुसरी आगीसाठी."

दृश्य पहिल्याच वेळी नीट झालं. दोन्ही टोळीप्रमुख खुर्ची दोन बाजूंनी धरून ओढतात, ती हातून निसटते आणि भोकात जाते. ज्वाळा वर आली. लार्रेआने टाळी वाजवली. वुल्फ्रानो बऱ्याच वेळाने मचाणाखालून बाहेर आला. उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला होता. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "ज्वाळा अंगावर आली." मी कोरफडीचं पान चिरून त्याच्या हातावर बांधलं आणि स्टुलाखालची खुर्ची काढून दिली. "ही घ्या तुमची. कोणी हात लावलेला नाही."

त्याने ती डाव्या हातात घेतली. अंगठा खाली गेला, दोऱ्यावर. मग माझ्याकडे पाहिलं.

"छान सांभाळलीत, सेन्योरिता," तो म्हणाला.

त्या दिवशीच्या नोंदीत कोरफडीचं पान आहे, टबाचा वास आहे, लार्रेआची टाळी आहे. बाकी मला काही कळलं नव्हतं.

भाग एकोणतीस जानेवारीला, गुरुवारी, दाखवला. एवोदियोकडे टीव्ही नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात फळीवर होता, तिथे संध्याकाळी माणसं उभी राहून बघायची. कागद चंदेरी असला तरी त्या खुर्चीची ठेवण वस्तीत सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षं ती त्यांच्या डोळ्यांसमोरून रिकामी गेली होती. तारेचा गुंता पडद्यावर दिसला तशी एक बाई म्हणाली, "अगं बाई, ही तर तेनोरिओंची." आणि मग ती आगीत गेली.

रविवारी, एक फेब्रुवारीला, मी ट्रामने सोचिमिल्कोला गेले. औषधी मलम आणलं होतं; स्टुडिओत वुल्फ्रानो हात दाखवत नव्हता. घर एका खोलीचं, कालव्याला लागून. भिंतीशी देवाची फळी, तिच्यावर फडक्याने झाकलेली खुर्ची. त्याने मला एकुलत्या एका खुर्चीत बसवलं, म्हणजे माणसांच्या. कॉफी उकळत ठेवली. मी पट्टी सोडून मलम लावत होते, तेवढ्यात बाहेर होडी काठाला लागल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ पुष्कळ पावलं.

दारात एवोदियो उभा राहिला. छाती रुंद, मिशा पांढऱ्या, टोपी डोक्यावरच. छातीशी बाळ धरलेलं, ताप आलेल्या मुलाला धरावं तसं, शालीत गुंडाळून. मागे अर्धी वस्ती.

"अकरा वर्षं मी एक शब्द बोललो नाही," तो म्हणाला. "म्हटलं, राहू दे त्याच्याकडे, त्यालाही आईचं काहीतरी पाहिजे. आणि तू ती टीव्हीवर जाळलीस, वुल्फ्रानो. साबणाच्या जाहिरातीच्या आधी."

वुल्फ्रानो उठून उभा राहिला. हात खिशात घातला.

"माझ्याकडे नको बघू. याच्याकडे बघ. उद्या कांदेलारिया. मी वाट बघत होतो, आज देईल, उद्या देईल. आता काय देणार तू? हा कुठे बसायचा आता? खोक्यावर, जन्मभर?"

वुल्फ्रानोने फळीवरचं फडकं काढलं.

एवोदियो बघतच राहिला. मग खाटेच्या कडेवर टेकला. खुर्ची फळीवरून काढून पुढ्यात घेतली. शाल सोडली आणि बाळाला खुर्चीत बसवलं. बाळ नीट बसलं, जरा डावीकडे कललं. दारातल्या बायकांनी क्रूसाची खूण केली. कोणीतरी मागे सांगितलं, "आहे, आहे, जळली नाही," आणि ते पार होडीपर्यंत गेलं.

"जाळली नाहीस," एवोदियो म्हणाला. "धाकट्या, अरे मग सांगायचं नाही का? तीन दिवस माझ्या घशाखाली घास गेला नाही." त्याने वुल्फ्रानोच्या खांद्यावर हात ठेवला.

वुल्फ्रानो एवढंच म्हणायला मोकळा होता की हो, ही बघ, आहे. कोणाला काही कळलं नसतं. त्याने हातातलं फडकं फळीवर ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "उतरव त्याला."

"का?"

"उतरव. मग कागद काढून बघ."

एवोदियोने बाळ पुन्हा कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पाठीवरचा चंदेरी कागद खरवडला. खाली कोरं लाकूड. खुर्चीच्या हातापाशी खरवडलं. कोरं लाकूड.

"निळा कुठाय?"

"निळी जळली. ही मी केलेली."

कॉफी उतू गेली, ती कोणी उतरवली नाही.

"कोणी टाकली आगीत?"

"मी," वुल्फ्रानो म्हणाला. "माझ्याकडून गल्लत झाली."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्याकडे बघत होते, आणि खिशात घातलेल्या त्या हाताकडे. मचाणाखाली तो एकटा होता. चंदेरी कागद जळून गेल्यावर खाली काय दिसलं असेल, ते त्याच्याशिवाय कोणाला दिसणार? माझ्या पिशवीत वही होती. ती नेहमी असते. मी चौदा जानेवारीचं पान काढलं आणि उभ्याने वाचलं. लाल दोरा असलेली माझ्याजवळ. दुसरी आगीसाठी.

"यांनी नाही," मी म्हटलं. "मी दिली. मला वाटलं, दोरा असलेलीच खरी."

एवोदियोने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची उलटी केली. खाली लाल दोरा होता, दोन गाठी मारलेला.

"हा कोणी बांधला?"

"मी," वुल्फ्रानो म्हणाला.

"खोट्या खुर्चीला?"

"खूण म्हणून."

"खूण म्हणून." एवोदियो दाराकडे वळला. "ऐकलंत? खोटीला लाल दोरा बांधतो आणि खरी उघडी ठेवतो. आणि मग बाईमाणसाच्या हातात देतो आणि म्हणतो, गल्लत करू नका. अरे, आख्ख्या सोचिमिल्कोत कोणालाही विचार. आपल्या आईनेसुद्धा हीच बाजूला ठेवली असती. यांचं काय चुकलं?"

"यांचं चुकलं असं मी कुठे म्हटलं?"

"म्हणशील कसा? गाढव तू."

दारातलं कोणीतरी हसलं. एवोदियोने त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि मग स्वतःच्या मिशा पुसल्या. अकरा वर्षांनी भावाला दिलेली ती पहिली शिवी होती. वुल्फ्रानोचे कान लाल झाले होते.

"दाखव," एवोदियो म्हणाला.

"काय?"

"हात. खिशात काय चिलीम लपवलीयेस का?"

वुल्फ्रानोने हात बाहेर काढला. अर्धं मलम खिशाच्या अस्तराला लागलं होतं. एवोदियोने हात पाहिला, वरून आणि खालून, फुलांची जुडी पारखावी तसा. मग पुन्हा खुर्ची घेतली आणि त्याचं बोट मागच्या पायापाशी थांबलं.

"हा पाय कधी मोडला?"

"मीच मोडला. मग बांधला."

"नवा केलास, मोडलास आणि बांधलास."

"हो."

"बाबा डावरे होते. त्यांची तार उलटी पिळलेली होती."

"ही पण उलटीच आहे."

एवोदियोने तिथला कागद सोलला. तारेवर अंगठा ठेवून बराच वेळ बसला. बाहेरच्या बायकांपैकी एकीने शेवटी आत येऊन कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि जाता जाता मला म्हणाली, "तुम्ही बसा हो, अजून वेळ लागेल यांना."

"धर याला," एवोदियो म्हणाला आणि बाळ पुढे केलं.

वुल्फ्रानोने हात पँटला पुसले, भाजलेला हातही. बाळाला घेतलं. अकरा वर्षांत त्याने त्याला दुरून, मिस्सात, एवोदियोच्या कडेवरच पाहिलं होतं. अंगरख्याची शिवण बघितली, कोपराजवळचा पोपडा बघितला.

"पापण्या झडल्यात दोन," तो म्हणाला. "डाव्या डोळ्याच्या."

"अकरा वर्षं खोक्यावर बसलाय. तुझ्या झडल्या नसत्या?"

"आज लावतो. सुकतील सकाळपर्यंत."

"मग लाव. बोलतोस काय."

वुल्फ्रानोने बाळाला खुर्चीत बसवलं. ते डावीकडे कललं. एवोदियो म्हणाला, "आईच्या खुर्चीतही असाच कलायचा." वुल्फ्रानो म्हणाला, "म्हणून डावीकडची बैठक मी जरा खोलगट ठेवली." "खोलगट ठेवलीस म्हणून कलतोय की कलतो म्हणून खोलगट ठेवलीस?" यावर दोघे वाद घालू लागले, तेव्हा मी माझी पिशवी घेतली आणि ट्राम पकडायला निघाले. कालव्याच्या काठापर्यंत मला त्यांचे आवाज ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशीच्या मिस्साला मी रजा काढून गेले. एवोदियोच्या कडेवर बाळ, मागून वुल्फ्रानो खुर्ची घेऊन. खुर्ची अर्धी चंदेरी, अर्धी लाकडी. पाद्रींनी पाणी शिंपडताना विचारलं, "ही कुठली?" एवोदियो म्हणाला, "चंद्रावरची, फादर. शिंपडा." त्यांनी शिंपडलं.

त्या उन्हाळ्यात तिला निळा रंग दिला. छटा कोणती यावर भावांचं पुन्हा वाजलं. शेवटी एवोदियोने आईच्या एका जुन्या पेटीचं झाकण आणलं, तिला तोच रंग होता. वुल्फ्रानो रंग द्यायच्या आधी लाल दोरा कापायला निघाला तर एवोदियो म्हणाला, "राहू दे. परत गल्लत नको." बाळ सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे राहू लागलं, होडीतून ने-आण, खुर्ची मांडीवर घट्ट धरून. ऑक्टोबरात माझं आणि वुल्फ्रानोचं लग्न झालं. बाळ तेव्हा आमच्याकडे होतं.

'नववा चंद्र' पुढे बंद पडली. त्या भागाची टेप स्टुडिओने पुसून तिच्यावर स्वयंपाकाचा कार्यक्रम घेतला, तेव्हा टेपा अशाच पुन्हा वापरायचे. त्यामुळे ती आग आता फक्त माझ्या वहीत आहे. वुल्फ्रानो शेडमध्ये आणखी अठरा वर्षं होता. रबराच्या तलवारी केल्या, एक अख्खं जहाज केलं, एका नटाचा नकली कान केला, जो खऱ्यापेक्षा बरा होता. संध्याकाळी वस्तीतली मोडकी बाळं दुरुस्त करायचा आणि त्यांच्या पापण्या लावताना श्वास रोखून धरायचा. उजव्या हाताची दोन बोटं पुरती वळत नसत. कोणी विचारलं तर, "जुनं आहे." मचाणाखाली त्याने काय पाहिलं हे मी कधी विचारलं नाही. लग्नानंतर वीसेक वर्षांनी एकदा, मी दार रंगवत होते तेव्हा, तो आपणहून म्हणाला, "निळा आधी फुगतो. मग काळा पडतो." एवढंच बोलून त्याने माझ्या हातातून ब्रश घेतला आणि वरचा भाग त्याने रंगवला, कारण माझा हात पोचत नव्हता.

एवोदियो सत्त्याण्णव साली गेला, वुल्फ्रानो दोन हजार पाचच्या मार्चमध्ये. बाळ आता सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने हेर्लिंदाकडे असतं. होडीऐवजी तिच्या नवऱ्याच्या गाडीतून जातं. उद्या तिच्याकडे जायचं.

म्हणून आज संध्याकाळी पक्कड काढली आणि मागच्या डाव्या पायाची तार घट्ट केली. आधी सवयीने सरळ पिळली, मग उलगडून उलटी पिळली. दोरा विरला आहे, पण अजून वर्षभर टिकेल.

तामाल तीस केले होते, चार उरले. ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवले.